माथेरानचा शीळकरी कस्तूर

शीळकरी कस्तूर हा सह्याद्रीतल्या ओढ्याकाठचा काळसर निळा पक्षी. १८३१ मध्ये निकोलस व्हिगर्स यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि जावा बेटावरच्या पक्ष्यांचे अभ्यासक थॉमस हॉर्सफिल्ड यांचे नाव त्याला दिले. जावातही या कस्तुराचा एक भाऊबंद आहे. तो जावा आणि बाली या बेटांखेरीज कुठेच आढळत नाही.

कर्जत तालुक्यात कस्तुराचे हक्काचे ठिकाण माथेरान. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढले, पुढे वस्ती वाढली, १९०७ मध्ये छोटी रेल्वे आली. गावात मोटारगाड्यांना मज्जाव राहिला आणि झाडी टिकली, हे कस्तुराचे भाग्यच.

पावसाळ्यात तो पाण्यालगतच्या कपारीत मुळ्या, शेवाळ आणि चिखलाचे घरटे बांधतो. खेकडा सापडला की दगडावर आपटून फोडतो. झुंजुमुंजू होण्याआधीच त्याची शीळ सुरू होते. एखाद्या मुलाने रमतगमत घालावी तशी ती लांबत जाते. या शिळेपायीच त्याची पिल्ले घरट्यातून काढून पिंजऱ्यात वाढवली जात. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि पुढच्या दुरुस्त्यांनी रानपाखरांचा व्यापार बेकायदा ठरला. २००३ मध्ये माथेरान परिसर पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला.