तापमान आणि मत्स्यशेतीच्या सांडपाण्यातील सूक्ष्मशैवाल

मत्स्यशेतीच्या सांडपाण्यात माशांची विष्ठा, उरलेले खाद्य आणि अमोनिया असतो. खाद्यातील नत्रापैकी साधारणतः पाव हिस्साच माशांच्या शरीरात साठतो. उरलेला बहुतांश पाण्यात व गाळात मिसळतो. क्लोरेला, सेनेडेस्मस यांसारखी सूक्ष्मशैवाले हाच नत्र आणि स्फुरद शोषून वाढतात व पाणी शुद्ध करतात. शैवालाधारित उथळ तलावांची पद्धत कॅलिफोर्निया विद्यापीठाचे विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५०च्या दशकात विकसित केली. शुद्धीकरणाचा वेग प्रकाशाप्रमाणेच तापमानावरही अवलंबून असतो.

या दोन्ही शैवालांच्या बहुतेक वाणांना २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवते. पाणी १५ अंशांखाली गेल्यास त्यांची वाढ व नत्रशोषण मंदावते; मात्र पेशी सहसा टिकून राहतात. उष्णतेचा परिणाम अधिक घातक असतो. अनुकूल मर्यादेपर्यंत वाढीचा वेग हळूहळू चढतो, पण ती ओलांडताच तो झपाट्याने कोसळतो. प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते, श्वसन वाढते आणि मृत पेशींतील नत्र पुन्हा पाण्यात उतरतो.

उष्ण पाण्यात माशांपुढील धोकाही वाढतो. सामू ८ असताना एकूण अमोनियापैकी विषारी, मुक्त अमोनियाचे प्रमाण २० अंशांना सुमारे ४ टक्के, तर ३० अंशांना सुमारे ७.५ टक्के असते. दुपारी शैवाल कार्बन डायऑक्साइड शोषून घेत असल्याने सामू चढतो आणि हे प्रमाण आणखी वाढते. गोड्या पाण्याची प्राणवायू सामावण्याची क्षमता मात्र लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅमवरून ७.६ मिलिग्रॅमपर्यंत घटते. रात्री शैवालही प्राणवायू वापरते. म्हणजेच शुद्धीकरणाची निकड सर्वाधिक असते, तेव्हाच शैवाल निकामी होण्याची शक्यता असते.

त्यामुळे उत्तर भारतातील थंडी आणि आंध्र प्रदेशातील उन्हाळा यांना एकच वाण पुरेसा ठरत नाही. स्पिरुलिना ३५ अंशांच्या आसपासही जोमाने वाढते, परंतु तिला क्षारधर्मी पाणी लागते. उथळ तलाव लवकर तापतात व लवकर थंडावतात. पाण्याची खोली वाढवल्यास चढउतार कमी होतात, पण तळाशी प्रकाश कमी पोहोचतो. ऋतूनुसार वाणाची निवड, कडक उन्हात सावली आणि शैवाल मरण्यापूर्वीच त्याची काढणी हे उपाय उपयुक्त ठरतात. काढणी झाली, तरच शोषलेला नत्र पाण्यातून खऱ्या अर्थाने बाहेर जातो.