वस्तऱ्याआधीचे पाणी

दाढी केल्यावर त्वचेची होणारी आग आणि मागाहून उठणाऱ्या पुटकुळ्या यांचा दोष बहुधा पात्याला दिला जातो. परंतु भारतातील श्मश्रुकर्माचा, म्हणजे दाढी व केस उतरवण्याच्या कामाचा, इतिहास पाहिला असता या कामातील पुष्कळसे शहाणपण पाते चेहऱ्याला लागण्यापूर्वीच्या काही मिनिटांत साठलेले आढळते. याचा फार जुना आणि स्पष्ट पुरावा गृह्यसूत्रांत, म्हणजे घरगुती संस्कारांचे विधी सांगणाऱ्या वैदिक ग्रंथांत, मिळतो. चौल संस्कार, ज्याला महाराष्ट्रात जावळ काढणे म्हणतात, त्याचे वर्णन करताना आश्वलायन गृह्यसूत्र थंड आणि ऊन पाणी एकत्र करण्यास सांगते, ते पाणी व लोणी किंवा दह्याचे थेंब घेऊन डोके तीनदा भिजवण्यास सांगते, पात्याने बालकाला इजा करू नये अशी प्रार्थना मंत्रातून करते, आणि नापिताला, म्हणजे न्हाव्याला, कोमट पाण्याने करायचे ते सारे करून दुखापत न होऊ देता केस नीट करण्याची आज्ञा देते. सोळाव्या वर्षीच्या गोदान संस्कारात हाच विधी दाढीला लागू होतो. तेथे मंत्रात केसांच्या जागी श्मश्रूचा उल्लेख होतो आणि भिजवली जाते ती दाढी.

या विधीला धार्मिक अर्थ आहेच, पण त्यामागील निरीक्षणही तितकेच पक्के आहे. केस हा केराटिन नावाच्या कठीण प्रथिनाचा बनलेला असतो. कोरडा असताना तो राठ राहतो, मात्र दोन-तीन मिनिटे पाणी मुरले की फुगून मऊ पडतो, त्यामुळे तो कापण्यास जोर कमी लागतो आणि पात्याचा त्वचेवरील दाबही आपोआप घटतो. लोण्यासारख्या स्निग्ध पदार्थाने पाते घासत न जाता सरकते. कोमट पाण्याचा आग्रह धरणाऱ्या त्या सूत्रकारांना प्रथिनांचे ज्ञान नव्हते, तरीही त्यांनी नेमकी गोष्ट हेरली होती.

धारेविषयीचा विचार सुश्रुतसंहितेत अधिक काटेकोर होतो. तो ग्रंथ शस्त्रवैद्याचा आहे, हजामतीचा नव्हे. पण शस्त्र नीट परजले की नाही याची कसोटी म्हणून त्यात सांगितले आहे ते केस कापता येणेच. शस्त्र पाजळण्यासाठी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा आणि धार टिकवण्यासाठी सावरीच्या लाकडाची फळी वापरावी, छेदनाच्या शस्त्राची धार अर्ध्या केसाएवढी असावी, असे त्यातील मोजमाप आहे. बोथट पाते केस कापण्याऐवजी ओढते आणि एकाच जागी पुनःपुन्हा फिरवावे लागते, म्हणून त्वचेच्या दृष्टीने ते तीक्ष्ण पात्याहून अधिक घातक ठरते.

महाराष्ट्राच्या गावगाड्यात हे ज्ञान न्हाव्याच्या हातात होते. त्याच्या धोकटीत, म्हणजे हत्यारांच्या चामडी पिशवीत, वस्तरा, कात्री, चिमटा, नखे काढण्याची नराणी, आरसा, धारेचा दगड आणि पाण्याची वाटी असे. गिऱ्हाइकासमोर उकिडवा बसून तो वाटीतल्या पाण्यात बोटे बुडवी आणि गाल, हनुवटी, गळा चोळत राही. साबण पुष्कळदा नसेच आणि पाणीही गार असे, पण ऊन पाण्याची उणीव हे लांबलेले चोळणे भरून काढी. मग वस्तरा चामड्यावर दोन्ही अंगांनी फिरवून तो आधी सुलट हात, म्हणजे केसांच्या वाढीच्या दिशेने, चालवी आणि गिऱ्हाइकाची इच्छा असेल तरच उलट हात मारी. संत सेना न्हावी यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या अभंगात आरसा व चिमट्याबरोबर डोईवर पाणी चोळण्याची क्रियाही परमार्थाचे रूपक होऊन येते, यावरून ही क्रिया त्या कामाचा किती अविभाज्य भाग होती हे लक्षात येते. शेवटी तुरटीचा ओला खडा फिरवला जाई. तुरटी हे पोटॅशियम व ॲल्युमिनियम यांचे सल्फेट असून ते वरवरची प्रथिने आकसवते, त्यामुळे बारीक कापल्यातून येणारे रक्त थांबते आणि जंतूंची वाढही काही अंशी रोखली जाते.

या कौशल्याचा गौरव करताना त्याच्या मर्यादा झाकणे इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही. सुगीला मिळणाऱ्या बलुत्याच्या, म्हणजे धान्यरूपी मोबदल्याच्या, बदल्यात गावाची सेवा करणारा हा कारागीर जातिव्यवस्थेच्या दंडकामुळे अस्पृश्य ठरवलेल्या माणसांच्या चेहऱ्याला हात लावत नसे, आणि ज्यांना तो लावी त्या सर्वांच्या चेहऱ्यांवरून एकच वस्तरा फिरत असल्याने केसांच्या मुळांचे पिकणे व गजकर्ण एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याची वाट मोकळी राही.

युरोपात त्वचेला इजा होऊ न देण्याच्या याच काळजीने वेगळे वळण घेतले. फ्रेंच सुरीकार झाँ-झाक पेरे याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वस्तऱ्याच्या पात्याला लाकडी आवरण बसवून ते खोल रुतणार नाही अशी सोय केली आणि स्वतःची दाढी स्वतः करण्याची कला शिकवणारा ग्रंथ लिहिला. अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट याच्या टाकाऊ पात्याच्या रेझरची विक्री १९०३ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या वर्षी अवघे ५१ रेझर खपले. १९०४ मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना हे रेझर पुरवले गेल्यावर घरी दाढी करण्याची सवय सर्वदूर रुजली. धार लावण्याचे कष्ट संपले. मात्र कारागिराचे चोळणारे हात दूर झाले आणि दाढी भिजण्यास लागणारा वेळ घाईच्या सकाळी सर्वांत आधी कापला गेला.

भारतात १९८६ मध्ये एचआयव्हीची पहिली नोंद झाल्यानंतर सलूनमध्येही अखंड वस्तरा मागे पडत गेला आणि प्रत्येक गिऱ्हाइकासाठी अर्धे ब्लेड मोडून बसवण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे संसर्गाचा धोका बराच घटला, तरी कापलेला कुरळा केस वळून पुन्हा त्वचेत शिरल्याने येणाऱ्या पुटकुळ्या त्याने थांबत नाहीत. त्यांवर त्वचारोगतज्ज्ञ कोमट पाणी, पुरेसा फेस आणि सुलट हात हेच उपाय सांगतात, आणि त्यांत जुन्या न्हाव्याला न पटणारी एक सूचनाही असते : दाढी करताना त्वचा ताणू नये. अंगठ्याने गाल ताणून केस मुळाशी कापण्यातच त्याची हातोटी मानली जाई, पण ताण सुटताच तो केस त्वचेखाली जातो आणि वाढताना बाहेरची वाट चुकतो.