‘डिस्क्रिमिनेट’ : एका क्रियापदाचा प्रवास

उत्तम चित्र आणि सामान्य चित्र यांतील भेद अचूक ओळखणाऱ्या रसिकाचा गौरव ज्या शब्दानें करावयाचा, त्याच शब्दानें वर्ण पाहून माणसाला दार लावणाऱ्याचा धिक्कारही करावयाचा, असा विलक्षण प्रकार इंग्रजी भाषेंत आढळतो. तो शब्द म्हणजे ‘डिस्क्रिमिनेट’ हें क्रियापद होय.

त्याचें कूळ लॅटिन. ‘केर्नेरे’ म्हणजे चाळणें, वेगळें करणें. त्याला उपसर्ग लागून ‘डिस्केर्नेरे’ झालें आणि त्यावरून ‘डिस्क्रिमेन’, म्हणजे दोन वस्तूंमधील अंतर, हें नाम आलें. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत हें क्रियापद इंग्रजींत उतरलें तें भेद ओळखणें, भेद दाखविणें या निर्मळ अर्थानें. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांच्या १७५५ सालच्या कोशांतही खुणेनें वेगळेपण दर्शविणें हाच अर्थ दिलेला आहे.

शब्दाला काळिमा लागला तो मुख्यतः अमेरिकेंत. १८६५ सालीं तेथील यादवी युद्ध संपलें, गुलामगिरी नष्ट झाली. परंतु दक्षिणेकडील राज्यांनीं मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठीं निराळे, जाचक कायदे केले. त्यांवर उपाय म्हणून १८६६ सालीं काँग्रेसनें नागरी हक्कांचा कायदा पुढें आणला. अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनीं तो नाकारला आणि नाकारतांना हाच शब्द उलट फिरवून, हें विधेयकच परदेशीयांविरुद्ध पक्षपात करतें, असें म्हटलें. काँग्रेसनें त्यांचा नकार डावलून ९ एप्रिल रोजीं कायदा संमत केला. भेद ‘कोणाविरुद्ध’ केला जातो, हा प्रश्न त्या वादापासून या शब्दाला कायमचा चिकटला.

आज अर्थाचा निवाडा बव्हंशीं शब्दयोगी अव्ययावर होतो. दोन गोष्टीं‘मध्यें’ भेद केला तर ती पारख. एखाद्या‘विरुद्ध’ केला तर तो अन्याय. २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलेल्या भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदांत केवळ धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून राज्यसंस्थेला जी मनाई केली आहे, ती ‘विरुद्ध’च्याच योजनेनें. पुढें १९५१ सालीं त्याच अनुच्छेदाला चौथें कलम जोडण्यांत आलें आणि मागास वर्गांच्या उन्नतीसाठीं विशेष तरतूद करण्याची मुभा राहिली. म्हणजे पीडिताची स्थिति ओळखण्यासाठीं केलेला भेद वेगळा आणि त्याला पीडण्यासाठीं केलेला भेद वेगळा, हें कायद्यानेंच सांगितलें.

मराठीनें मात्र या दोन अर्थांचीं घरें आधींपासूनच निराळीं ठेविलीं आहेत. वास्तविक ‘विवेक’ या शब्दाचा धात्वर्थही वेगळें करणें हाच आहे. पण नीरक्षीर निवडणाऱ्या हंसाचा तो विवेक, आणि पंक्तींत एकाला वाढून दुसऱ्याला वगळणाऱ्याचा तो भेदभाव. इंग्रजीला जें एका अव्ययाच्या आधारानें सांगावें लागतें, तें येथें दोन शब्द सांगतात. शब्द दोन असले तरी निवडणारी बुद्धि एकच असते. ती धान्यांतून खडे निवडते, कीं माणसांतून माणसें वगळते, यावरच तिची किंमत ठरते.