शत्रूची तोफ आणि आपला व्हॉल्व्ह

सध्या पोस्टिंग वाराणसीला आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. गंगेपलीकडे मुगलसरायहून तेलाच्या टँक वॅगनांच्या मालगाड्या जातात. त्या पाहताना इतिहासातल्या दोन आगी आठवतात.

पहिली मद्रासची. 22 सप्टेंबर 1914 च्या रात्री जर्मन युद्धनौका एम्डन बंदरासमोर आली. तिने सुमारे 125 गोळे डागले आणि बर्मा ऑइल कंपनीच्या दोन टाक्या पेटल्या. दक्षिणेत 'एमडन' हा शब्द आजही डांबरट, बिलंदर माणसासाठी वापरतात.

दुसरी आग जयपूरची. तिथे शत्रू नव्हता. 29 ऑक्टोबर 2009 च्या संध्याकाळी सीतापुरा येथील इंडियन ऑइलच्या डेपोत शेजारच्या डेपोला पेट्रोल देण्याची तयारी चालू असताना पाइपलाइनच्या व्हॉल्व्हमधून पेट्रोलचा फवारा उडाला. तिथला कामगार वाफेने गुदमरला, आणि मदतीला धावलेल्याचीही तीच गत झाली. गळती सव्वा तासाच्या आसपास चालली. मग वाफेच्या ढगाला ठिणगी मिळाली. 11 माणसे गेली, आग 11 दिवस जळत राहिली.

आपण जाळाला घाबरतो, पण पेट्रोल स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते. डिझेलला आधी तापावे लागते. पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही निघते. ती हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत सरपटते, नाल्यांत आणि खड्ड्यांत साचते. वारा पडला की तिथेच थांबते.

म्हणून टाकीभोवती बांध घालतात. सांडलेले तेल आतच राहावे, हा त्याचा हेतू. पावसाचे पाणी काढायला बांधाला एक व्हॉल्व्ह असतो. जयपूरला तो उघडा होता, असे एम. बी. लाल समितीच्या चौकशीत आढळले. पेट्रोल बांधाबाहेर पसरले. गळती दुरून बंद करण्याची सोयही चालू नव्हती. बांध शाबूत असूनही उपयोगाचा राहिला नव्हता.

फौजेत संत्रीला शत्रू कुठून येईल ते शिकवतात. तेलाच्या साठ्यावर ड्यूटी असलेल्याला आणखी तीन गोष्टी शिकवाव्या लागतात. पाणी काढून झाले की बांधाचा व्हॉल्व्ह बंद करून कुलूप लावायचे. वास आला की वाऱ्याच्या दिशेने वरच्या बाजूला जायचे आणि गाडी सुरू करायची नाही. आणि वाफेत पडलेल्या सोबत्याला आणायला श्वसनयंत्राशिवाय धावायचे नाही. तिसरी गोष्ट जवानाला सर्वांत जड जाते, कारण सोबत्याला मागे सोडायचे नाही हेच आपण त्याला पहिल्या दिवसापासून शिकवलेले असते. म्हणून ती सरावात आधीच घोटून घ्यावी लागते.