सोमवारची ट्राम

लिव्हरपूलच्या वॉलेस खटल्यावर लिहायला बसलेला माणूस सहसा मंगळवारपासून सुरुवात करतो. तारीख २० जानेवारी १९३१. ॲनफील्ड भागातल्या वुल्व्हर्टन स्ट्रीटवरच्या २९ नंबरच्या घरातून विल्यम हर्बर्ट वॉलेस नावाचा बावन्न वर्षांचा विमा एजंट पावणेसातच्या सुमारास मागच्या दाराने बाहेर पडतो. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका गिऱ्हाइकाचं घर शोधत हिंडतो. तो पत्ता अस्तित्वातच नसतो. पावणेनऊला तो परततो, तेव्हा पुढच्या खोलीत त्याची बायको ज्युलिया डोकं फुटून मरून पडलेली असते. खून त्याने निघण्यापूर्वी केला की तो गेल्यावर दुसऱ्या कुणी, यावर नव्वदहून अधिक वर्षं वाद चालू आहे. वादाचं हत्यार म्हणजे ट्रामचं वेळापत्रक. कोणत्या थांब्यावर किती वाजता पोचला, कुठे ट्राम बदलली, चालत किती मिनिटं लागली, याच्या हिशेबाने पानंच्या पानं भरली आहेत. माझं म्हणणं असं की हा हिशेब चुकीच्या दिवसाचा आहे. वॉलेसच्या दोषाचा निकाल लागायचाच असता, तर तो आदल्या दिवशीच्या, सोमवारच्या प्रवासावर लागला असता. त्या प्रवासाबद्दल मात्र कोर्टापुढे जवळजवळ काहीच आलं नाही.

आधी मंगळवारचा हिशेब पाहू, कारण तो दिसतो तितका पक्का नाही. त्याचं एक टोक घट्ट आहे. स्मिथडाउन रोड आणि लॉज लेन मिळतात त्या चौकात वॉलेस दुसऱ्या ट्राममध्ये चढला तेव्हा सात वाजून सहा मिनिटं झाली होती, हे त्या ट्रामच्या कंडक्टरने सांगितलं. पोलिसांनी आपली माणसं घरापासून या चौकापर्यंत पुन्हा पुन्हा पाठवली. त्यांना सतरा ते वीस मिनिटं लागली. म्हणजे वॉलेसने उशिरात उशिरा सहा एकोणपन्नासला घर सोडलं असणार. या तरण्या शिपायांची चाल पाहून त्यांना 'ॲनफील्ड हॅरियर्स' म्हणजे ॲनफील्डचे धावपटू असं चिडवलं गेलं, आणि ते नाव टिकलं. किडनीच्या दुखण्याने कायम आजारी असलेला, पन्नाशी ओलांडलेला माणूस त्यांच्या चालीने गेला असेल का, हा प्रश्न रास्तच आहे. पण खरी अडचण दुसऱ्या टोकाला आहे. ज्युलियाला जिवंत पाहणारा शेवटचा साक्षीदार म्हणजे दूध टाकणारा पोरगा. खटल्यात त्याने साडेसहाची वेळ सांगितली. खुनानंतर सोबत्यांशी बोलताना मात्र त्याने पावणेसात म्हटलं होतं, असं त्या सोबत्यांनीच कोर्टात सांगितलं. पेपर टाकणाऱ्या आणखी एका पोराने चर्चच्या घड्याळावरून हिशेब करून त्याला सहा सदतीसच्या सुमारास त्या दारात उभं पाहिल्याचं सांगितलं. साडेसहा धरले तर वॉलेसला एकोणीस मिनिटं मिळतात, सदतीस धरले तर बारा, पावणेसात धरले तर चार. तेवढ्यात खून करायचा, अंगावर रक्ताचा डाग राहू द्यायचा नाही, चोरीचा देखावा उभा करायचा आणि हत्यार असं नाहीसं करायचं की ते पुढे कधी सापडूच नये. एकोणीस मिनिटांत हे जमेल, चारात जमणार नाही. तेव्हा मंगळवारचा सगळा वाद ट्रामचा नसून दुधाच्या किटलीचा आहे. चौकातली सात-सहाची वेळ कितीही घट्ट असली, तरी दोरीचं दुसरं टोक पोरांच्या आठवणीला बांधलेलं आहे.

आता सोमवार, १९ जानेवारी. संध्याकाळी नॉर्थ जॉन स्ट्रीटवरच्या सिटी कॅफेत बुद्धिबळ क्लबची स्पर्धा होती, आणि वॉलेसचा डाव होता. सात-वीसच्या सुमारास कॅफेत फोन आला. आधी वेट्रेसने घेतला, मग क्लबचे कप्तान बीटी यांना बोलावलं. पलीकडचा माणूस म्हणाला, वॉलेसला निरोप द्या, उद्या साडेसात वाजता २५ मेनलव्ह गार्डन्स ईस्ट इथे भेटायला या, विम्याचं काम आहे. नाव आर. एम. क्वॉलट्रो. (हे आडनाव आयल ऑफ मॅन बेटावरचं, लिव्हरपूलकरांना अगदी परकं नाही.) मेनलव्ह गार्डन्स नॉर्थ आहे, साउथ आहे, वेस्ट आहे, ईस्ट नाही. फोन एरवी कुठून आला हे कधीच कळलं नसतं. पण बूथमधल्या माणसाला आधी लाइन मिळाली नाही. 'ए' बटण दाबलं तरी समोरचा बोलत नाही, अशी तक्रार त्याने ऑपरेटरकडे केली. ऑपरेटरने नियमाप्रमाणे त्या बिघाडाची वेळेसकट नोंद केली आणि सात-वीसच्या सुमारास फोन जोडून दिला. त्या चिठ्ठीमुळे बूथ सापडला. ॲनफील्ड १६२७, वॉलेसच्या घरापासून सुमारे चारशे यार्डांवर. दोन पेन्सचा फोन एका झटक्यात लागला असता, तर या खटल्यातला सर्वांत मोलाचा पुरावा जन्मालाच आला नसता.

वॉलेसच्या सांगण्यानुसार तो सोमवारी सव्वासातच्या सुमारास घरून निघाला, बेलमॉन्ट रोडने चालत गेला आणि वेस्ट डर्बी रोडच्या कोपऱ्यावर ट्राम पकडून शहरात उतरला. सरकारी वकील हेमर्ड यांचं म्हणणं असं की तो दोन-चार मिनिटं आधी निघाला, बूथमध्ये शिरला, आवाज बदलून बीटींशी बोलला आणि तिथून क्लबात गेला. बूथजवळच्या ब्रेक रोडवरूनही शहरात जाणाऱ्या ट्राम होत्या. आता दोन्ही रस्ते घड्याळाला लावून पाहा. निरोप सांगून फोन ठेवला तेव्हा सात-चोवीसच्या आसपास झाले असतील. तिथून वीस-पंचवीस मिनिटं धरा, की पावणेआठच्या सुमारास माणूस कॅफेत हजर. सव्वासाताला निघून बेलमॉन्ट रोडने गेलेला माणूसही त्याच वेळी हजर. वॉलेस कॅफेत दिसला तोही पावणेआठच्याच सुमारास. म्हणजे तो वेळेवर पोचला यावरून तो कोणत्या रस्त्याने आला हे कळत नाही. फरक उरतो तो निघण्याच्या वेळेतल्या तीन-चार मिनिटांचा. तो नेमका किती वाजता निघाला हे सांगू शकणारी व्यक्ती एकच होती, ज्युलिया. मंगळवारसाठी कंडक्टर उभे राहिले, पोलीस शिपाई उभा राहिला, पेपर विकणारी बाई उभी राहिली. सोमवारी त्याला बेलमॉन्ट रोडच्या ट्राममध्ये चढताना पाहिलं असं म्हणणारा कुणी आला नाही, तसाच बूथमधून बाहेर पडताना पाहिलं असं म्हणणाराही आला नाही.

यावर पहिली हरकत सरकारी वकिलांचीच आहे, आणि ती वजनदार आहे. वॉलेस घर सोडतो त्याच वेळी, त्याच्याच घराजवळच्या बूथमधून, त्याच्याचसाठी फोन येतो, हा निव्वळ योगायोग मानायचा का? मानायची गरज नाही. फोन करणारा परका असेल, तर त्याला नेमकी हीच वेळ साधावी लागणार होती. वॉलेस घरून निघालेला हवा, आणि क्लबात पोचलेला नको, नाहीतर तो स्वतःच फोनवर आला असता. ही फट ट्रामच्या प्रवासाइतकी, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाची. ती साधायची तर वॉलेसचं दार दिसेल अशा जागी उभं राहायचं आणि तो गेला की जवळच्या बूथमध्ये शिरायचं. स्पर्धेचा तक्ता कॅफेत टांगलेला असे. कोण कोणत्या सोमवारी खेळणार हे तिथे चहा प्यायला येणाऱ्या कुणालाही वाचता येत होतं. तेव्हा वेळ आणि जागा यांचा जो मेळ वॉलेसला गुंतवतो, तोच मेळ दुसऱ्या कुणाच्या कटातही जसाच्या तसा बसतो.

दुसरी हरकत मला जास्त बोचते. परक्या माणसाला इतका खटाटोप कशाला? निरोप पोचेल, वॉलेस जाईल, याची खात्री काय? मंगळवारी वॉलेस नसताना घर गाठायचं होतं, तर सोमवारीच का नाही? वॉलेस तेव्हाही बाहेरच होता. याला एक उत्तर आहे: विम्याची वसुली वॉलेस बुधवारी कचेरीत भरत असे, त्यामुळे मंगळवारी रात्री पेटीत जास्त रक्कम असण्याची शक्यता. प्रत्यक्षात गेले ते चारेक पौंड. हे उत्तर पुरेसं आहे असं मी म्हणणार नाही. पण वॉलेसच्या बाजूला ठेवलेल्या तराजूतही तितकंच अवघड वजन आहे. बीटी त्याला वर्षानुवर्षं ओळखत होते, आणि तो भरदार, घोगरा आवाज वॉलेसचा होता असं मानायला कल्पनेला फार ताण द्यावा लागेल, अशी त्यांची साक्ष होती.

राहता राहिली मंगळवारची ती चौकशी. वॉलेसने दोन ट्रामच्या कंडक्टरांना विचारलं, रस्त्यात भेटेल त्याला विचारलं, वेस्टमधल्या २५ नंबरचं दार ठोठावलं, शेवटी शिपायालाही गाठलं. सरकारी पक्षाला यात साक्षीदार गोळा करणारा गुन्हेगार दिसला. असेल. पण मग इतका दूरदृष्टीचा माणूस सोमवार मोकळा कसा सोडतो? बेलमॉन्ट रोडच्या कंडक्टरशी दोन शब्द बोलला असता तर काम झालं असतं. यावर लगेच उलट म्हणता येतं की तो त्या ट्राममध्ये नव्हताच, म्हणून बोलणार कुणाशी? खटल्याचं हे असं आहे. प्रत्येक धागा ओढला की दुसऱ्या बाजूनेही तेवढाच निघतो. बूथच्या रस्त्याने जाणं शक्य होतं हे दाखवून शिक्षा मागता येत नाही. दुसऱ्या कुठल्या रस्त्याने तो गेलेलाच असू शकत नाही, इथवर पुरावा न्यावा लागतो. हेमर्ड यांनी पहिली गोष्ट सिद्ध केली आणि ज्युरीने दुसरी गृहीत धरली.

न्यायमूर्ती राइट यांनी एप्रिल १९३१ मध्ये ज्युरीला समजावताना कल आरोपीच्या बाजूने दिला होता. ज्युरीने तासाभरात दोषी ठरवलं आणि वॉलेसला फाशी सुनावली गेली. मे महिन्यात फौजदारी अपील कोर्टाने ती रद्द केली. कारण दिलं ते असं की हा निकाल पुराव्यावर उभा राहत नाही. १९०७ मध्ये हे कोर्ट कायद्याने निर्माण झाल्यापासून खुनाची शिक्षा या कारणावरून रद्द होण्याची ही पहिली वेळ होती.

खून झाल्यावर दोन दिवसांनी, गुरुवारी रात्री, वॉलेसला बीटी रस्त्यात भेटले. तो टेलिफोन नक्की किती वाजता आला ते आठवतं का, असं त्याने विचारलं. बीटी म्हणाले, सात किंवा त्यानंतर थोड्या वेळाने. यापेक्षा नेमकं सांगता येईल का, असं वॉलेसने पुन्हा विचारलं. माझ्या दृष्टीने ते महत्त्वाचं आहे, म्हणाला. पोलिसांनी हा संवाद त्याच्याविरुद्ध मांडला. निरपराध माणसाला फोनच्या मिनिटाशी काय करायचं, असा त्यांचा सवाल होता. बीटींना मिनिट सांगता आलं नाही.