मुक्कामाचं मोल

माझी आजी मेंढरं विशीनं मोजायची. "पाच इसा आन वर सात," म्हणजे एकशेसात. खरं तर तिला मोजायची गरजच पडत नसे. संध्याकाळी कळप वाघरीत शिरू लागला की ती तोंडाशी उभी राही. वाघर म्हणजे दोरीची जाळी. खुंट्यांवर ताणून तिचं कुंपण करायचं आणि रात्रभर मेंढरं आत ठेवायची. एकेकीवरून नजर फिरवत ती आज्याला सांगे, "बांडी आली न्हाय. सकाळधरनं लंगडतीया, मागं ऱ्हायली आसंल, बघून या." आजा काठी उचलून निमूट मागं फिरे.

आमचं गाव माण तालुक्यात, म्हसवडच्या अलीकडं. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर मात्र पाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो. या दोन पावसांच्या मधल्या वाटेवर आमच्या घराण्याच्या कित्येक पिढ्या चालल्या. दिवाळी झाली की वाडा हलायचा. धनगराचा वाडा म्हणजे चारदोन भावकीतल्या घरांचा चालता संसार. फलटणवरून नीरा ओलांडायची, जेजुरीला खंडोबाचा भंडारा लावायचा, सासवड, मग पुण्याच्या कडेनं मुळशी, आणि ताम्हिणी उतरून माणगाव-रोह्याकडं. पुरुष मेंढरांमागं रानारानानं जात, बायका घोड्यांबरोबर रस्त्यानं. घोड्यावर पीठ, भांडी, वाघर, कोंबड्यांचं खुराडं, त्याच पहाटे जन्मलेली कोकरं आणि सगळ्याच्या वर बसवलेली पोरं. त्या पोरांत मीही होते. पण शाळेचं वय झालं तसं मला फलटणला आत्याकडं ठेवलं. त्यामुळं माझ्याजवळचा बहुतेक वाडा ऐकलेला आहे.

आज्याच्या गोष्टींत देव, लांडगे आणि मल्हारराव होळकर असत. नीरेकाठच्या होळ गावच्या धनगराचं पोर मामाच्या घरी खानदेशात मेंढरं राखायचं, ते झोपलं असताना नागानं तोंडावर फण्याची सावली धरली आणि पुढं ते माळव्याचं सुभेदार झालं. ही गोष्ट सांगताना आज्याचा आवाज बदलायचा. आजीच्या गोष्टी निराळ्या. कुठल्या वावरात किती रात्री बसलो, मालकानं काय दिलं, विहिरीवर पाणी भरू दिलं की हुसकलं, याची ती याद असे. लहानपणी मला त्या रुक्ष वाटत. आता वाटतं, आमच्या धंद्याचा सगळा इतिहास त्यांतच आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं की मेंढपाळ मेंढीवर जगतो. कोकरू विकायचं, लोकर विकायची, झालं. पण आजीच्या हिशेबात घर चालायचं ते रात्रीच्या मुक्कामावर. कोकणात भाताची कापणी झाली की खाचरं मोकळी पडत. त्यांत मेंढरं दिवसा धसकटं आणि बांधावरचं गवत खात, रात्री तिथंच बसत. लेंडी आणि मूत थेट जमिनीत. त्याच्या बदल्यात शेतकरी भात द्यायचा, रात्रीच्या आणि मेंढरांच्या हिशेबानं. एका खाचरातून दुसऱ्यात, एका घराकडून दुसऱ्याकडं असं करत वाडा पुढं सरके. जनावराला चारा, माणसाला तांदूळ, जमिनीला खत. पैसा मध्ये नव्हताच. वर्षानुवर्षं तीच घरं ठरलेली असत. कोकणातल्या एका घरात आजीची मोठी पातेली पावसाळाभर ठेवलेली असत, पुढच्या दिवाळीनंतर ती जाऊन ताब्यात घेई.

आणि हा सौदा बायका करत. पुरुष दिवसभर रानात, मग मालक येणार तो बिऱ्हाडावरच्या बाईकडं. आजी घासाघीस करताना कधी आवाज चढवत नसे. "दादा, वावर किती लांब हाय ते आदी दावा. पानी लांब आसलं तर आमच्या पोरींची कंबर जाती, त्याचं बी भात धरा," एवढं म्हणून ती गप्प बसायची. मला या गप्प बसण्याचा फार अभिमान आहे. गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकानं बिरोबा, म्हसकोबा, खंडोबाच्या धनगरी ओव्या मन लावून गोळा केल्या. त्यांचा ग्रंथ 1976 साली जर्मनमध्ये आणि 1989 साली इंग्रजीत आला. त्या ओव्या जपल्या गेल्या याचा आनंद आहे. बायकांचे हे हिशेब तसे कुणी लिहून ठेवले नाहीत, याचं वाईट वाटतं.

वाड्यावरचा दिवस कसा जायचा, हे आजीकडून कितीदा ऐकलं तरी पुरं होत नसे. पहाटे आधी कोकरं सोडायची. रात्रभर ती आयांपासून वेगळी ठेवलेली असत. सुटली की बरोब्बर आपापल्या आईला जाऊन ढुसण्या देत. एखादी पहिलटकरीण पिलाला जवळ येऊ देत नाही. मग तिचा पाय धरून, गुडघ्यात दाबून पाजावं लागतं, दिवसातून चारदा, तिला वास पटेपर्यंत. आई मेली तर दुसरीला लावायचं, नाहीतर शेळीचं दूध. म्हणून मेंढरांच्या प्रत्येक वाड्यात चार शेळ्या असतातच. दव असताना चारायला सोडायचं नाही, ऊन जरा वर येऊ द्यायचं. दुपारी झाडाखाली रवंथ. तोवर बिऱ्हाड उचलून पुढच्या वावरात गेलेलं असे. संध्याकाळी कळप येण्याआधी चूल पेटून वाघर ताणलेली हवी. रात्री पुरुष वाघरीभोवती घोंगडी घेऊन पडत. झोप म्हणावी अशी झोप नाही. कुत्र्याचं भुंकणं कोणतं नुसतं आणि कोणतं खरं, हे झोपेतच कळावं लागतं.

लांडग्याबद्दल आज्याला राग नव्हता. "त्येचा बी वाटा आसतोय," म्हणायचा. माळरानाचा लांडगा एखादं कोकरू उचलून जातो. आताच्या बिबट्याची भीती निराळी. जुन्नर, शिरूर, दौंडच्या उसात तो राहतो आणि वाघरीत शिरला की एका रात्रीत अनेक मेंढरं मारून टाकतो. त्याहून मोठी भीती चोरांची. रात्री गाडी लावून मेंढरं भरून नेतात, आणि फिरस्त्याची तक्रार कुठल्या हद्दीतली यावरच सकाळ जाते.

पण आजीला सगळ्यांत मोठा धाक होता तो मृगाचा. कोकणात वळवाचे ढग दिसायच्या आत घाट चढायचा, हा नियम. ओल्या जमिनीत मेंढीचे खूर कुजतात, आणि खाचरांतल्या गोगलगायींमुळं पसरणारे चपटे कृमी यकृतात जाऊन बसतात. देशावर आलं तरी सुटका नाही. पहिल्या पावसावर कोवळं गवत फुटतं, उन्हाळाभर उपाशी असलेली मेंढी ते अधाशासारखं खाते, आणि रात्री धडधाकट असलेलं जनावर सकाळी ताठ पडलेलं असतं. याला आंत्रविषार म्हणतात. लस पावसाळ्याआधी टोचली तरच उपयोग. ज्वारीच्या पाणी न मिळालेल्या कोवळ्या फुटव्याचं तसंच. त्यात विष तयार होतं, किराळ लागते, आणि बघता बघता कळप आडवा होतो. आजा अशा वावराच्या बांधावर स्वतः आडवा उभा राहायचा.

खंडोबा-बाणाईची गोष्ट मला म्हणूनच आता वेगळी ऐकू येते. म्हाळसेला सोडून देव चंदनपुरीला बाणाईच्या बापाकडं मेंढरं राखायला राहतो. एके दिवशी सगळी मेंढरं मरून पडतात, घर आकांत करतं, आणि बाणाईशी लग्नाचं वचन घेऊन देव ती पुन्हा उठवतो. शहरातल्या श्रोत्याला यात चमत्कार दिसतो. आजी हे सांगताना "सगळी मेली" इथंच थांबायची, कारण ते तिनं पाहिलं होतं. असे कळपच्या कळप आडवे करणारा पीपीआर हा मेंढ्या-शेळ्यांचा प्लेग भारतात 1987 साली तामिळनाडूत पहिल्यांदा ओळखला गेला. गुरांची बुळकांडी 2011 साली जगातून संपली असं जाहीर झालं. आता पीपीआरही 2030 पर्यंत संपवायचं ठरलं आहे. हे जमेल असं मला मनापासून वाटतं, पण एक अट आहे. लस टोचणाऱ्यानं वाड्याच्या वाटेवर यायला हवं. गावातल्या दवाखान्याच्या दारात वाट पाहणाऱ्याला आमची मेंढरं दिवाळी ते वैशाख दिसणारच नाहीत.

लोकरीचं लवकर सांगून टाकते, कारण ती गोष्ट जवळजवळ संपली आहे. दख्खनी मेंढीची काळी, राठ लोकर वर्षाला जेमतेम अर्धा-पाऊण किलो. ती कातरून सनगरांकडं जायची. ते चिंचोक्याची खळ लावून घोंगडं विणायचे. पावसात, थंडीत, लग्नात, देवापुढं, सगळीकडं घोंगडं. गिरणीची स्वस्त ब्लँकेटं आली आणि कातरणीची मजुरीही लोकरीतून निघेना. बाजार मटणाचा झाला, तशी धनगरांनी बिनलोकरीची, उंच माडग्याळ मेंढी जवळ केली. आटपाडीच्या बाजारात तिच्या मेंढ्याला लाखांत बोली लागते. चांगलं जनावर आहे, दिमाखदार आहे. पण दख्खनी मेंढीसारखं उपाशीपोटी चालणं त्याच्या रक्तात नाही, असं चुलते सांगतात आणि मला ते पटतं.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत, नारीत, बनबिहारी निंबकर आणि चंदा निंबकर यांनी सुंदरबनातल्या गरोल या बुटक्या मेंढीचा जुळी देणारा गुण दख्खनी मेंढीत आणला. नारी सुवर्णा ही त्या कामातून आलेली मेंढी. गंमत अशी की अठराव्या शतकाच्या शेवटी बंगालमधून बोटीनं गेलेल्या मेंढ्यांमार्फत हाच गुण ऑस्ट्रेलियातल्या मेरिनोत पोचला होता. संशोधन माझ्या शाळेच्या गावात चाललेलं असल्यानं मला त्याचं अप्रूप फार. चुलत्यांना मी उत्साहानं सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "जुळी झाल्यावर घाटात दुसरं कोकरू कुणाच्या खांद्यावर द्यायचं?" घरी राहून पंधरा-वीस मेंढ्या सांभाळणाऱ्याला जुळी म्हणजे दुप्पट उत्पन्न, चालणाऱ्याला ती दुप्पट ओझं आणि आईच्या अर्ध्या दुधाची वाटणी. दोघंही मेंढपाळच, पण त्यांची गरज एक नाही.

आता तो जुना सौदा कसा मोडला ते. 1972 च्या दुष्काळात आजी खडी फोडायला गेली, सुकडी आणि लाल मिलोवर दिवस काढले. धाकटा आजा कळप घेऊन कोकणात गेला आणि निम्म्याहून कमी मेंढरं घेऊन परतला. तरी त्या साली धंदा मोडला नाही, दोन-तीन वेतांत कळप पुन्हा भरला. मोडला तो सुकाळानं. नीरेचा डावा कालवा 1885 साली सुरू झाला, पुढं उजवा आला, आणि ज्वारी-बाजरीच्या रानांत ऊस उभा राहिला. ऊस वर्षभर वावर मोकळं करत नाही. त्यातून मिळतात ती फक्त तोडीच्या वेळची वाढी. कोकणात कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भात आला, युरियाची गोणी दारात मिळू लागली, रस्त्याकडेची खाचरं प्लॉट झाली. शेतकऱ्याला आमची गरज उरली नाही, तेव्हा आमचं येणं त्रास वाटू लागलं. ज्या घरी आजीची पातेली राहत, तिथल्या नातवानं ती एका साली अंगणात आणून ठेवली. भांडण झालं नाही. फक्त पुढच्या वर्षी वाड्यानं ते गाव सोडलं.

आणि पावसाळ्याचे चार महिने. गावाकडं वावरं पेरलेली, डोंगरावर वनखात्याची रोपं आणि चराईबंदी. मेंढरू जाणार कुठं? दंड भरून भरून माणसं मेंढरं विकतात. राज्य सरकारची 2017 पासूनची महामेष योजना 75 टक्के अनुदानावर 20 मेंढ्या आणि 1 नर देते. जून ते सप्टेंबर महिन्याला 6,000 रुपये चराई अनुदानाचीही तरतूद झाली. पैसा उपयोगी आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण मेंढरू नोट खात नाही. माणातली जुनी माळरानं पडीक समजून त्यांवर खड्डे खोदून झाडं लावली जातात, ती माळरानं म्हणूनच राखली आणि वाड्यांना पाळीपाळीनं उघडली, तर अनुदानाहून मोठं काम होईल. असं माझं ठाम मत आहे.

तरीही वाडा थांबलेला नाही. सांगोला-आटपाडीकडच्या डाळिंबवाल्यांना जमीन कडक झाल्याचं कळलं आहे. लेंडीखत आता ट्रॉलीनं विकलं जातं आणि मेंढरं बसवायला रोख पैसे मिळतात. माझा चुलतभाऊ अजून रानातच असतो, त्यामुळं फोन वहिनीकडं. परवा बागायतदार दर पाडून मागत होता. वहिनी भाकरी थापता थापता म्हणाली, "भाऊ, शेजारच्यानं तुमच्यापेक्षा शंभर जास्त दिल्यात, पर त्याच्याकडं बोअर बंद हाय. तुमच्याकडं पानी हाय का? हाय तर उद्या येतो. पोरांची शाळा जवळ आसली तर आठ राती बसू, न्हायतर दोनच."