भरीव वाडा, पोकळ घुमट

मे महिना. दुपारचे चार. सीताबर्डीला मेट्रोच्या पुलाखाली तुम्ही डोक्याला दुपट्टा गुंडाळून उभे आहात आणि खिशातल्या मोबाइलवर एक प्रश्न आठ दिवसांपासून तसाच पडून आहे. उद्या एका कॉलेजात परिसंवाद आहे, आणि तुम्हाला बोलायचंय ते एवढंच: तुमच्या हातून झालेलं सर्वांत अर्थपूर्ण काम कोणतं?

तुम्ही पुस्तकांची मुखपृष्ठं करता. पंचवीस वर्षं झाली. यादी करायला बसलात की कामाआधी त्याची भांडणं आठवतात. या मुखपृष्ठावर लेखकाच्या मेव्हण्याने हिरवा रंग घालायला लावला होता, त्याचे पैसे अजून यायचेत, त्या तिसऱ्याला बक्षीस मिळालं पण तुमच्या मनातलं चित्र ते नव्हतंच. अगदी सुरुवातीच्या, दोन रंगांत छापलेल्या स्वस्त पुस्तिका तर तुम्ही यादीत धरतही नाही. त्यांतल्या काहींवर नाव घालू नका, असं तुम्हीच प्रकाशकाला सांगितलं होतं.

"कोठी जाचं भाऊ?"

सायकल-रिक्षा. नागपुरात ही आता शोधावी लागते. तुम्ही धरमपेठ म्हणता आणि चढता. रिक्षावाला मान डोलावतो, पण हँडल वळवतो उलट्याच बाजूला.

"अहो, इकडून कुठं?"

"बसा ना. उनीत रस्ता थोडा हालते."

रस्ता खरंच हलायला लागतो. डांबरावरची हवा थरथरते, पुलाचे खांब तिच्यात विरघळतात, हॉर्न एकेक करून गप्प होतात. सायकली वाढतात. कुठल्याशा खिडकीतल्या वाळ्याच्या ताटीवर नुकतंच पाणी मारलंय, त्याचा वास तेवढा तुमच्या ओळखीचा राहतो. 1960 चं दशक अर्ध्यावर आलंय. रिक्षा एका थिएटरसमोर थांबते. तिकीट खिडकीवर पाटी: हाऊसफुल्ल.

खिडकीपाशी पंचविशीच्या आसपासचा एक तरुण उभा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचा, जमीनदार घरातला. चार वर्षांचा असताना शिक्षणासाठी त्याला घर सोडायला लावलं, तेव्हापासून तो बहुधा दुसऱ्यांच्या गावात वाढला. इंग्रजी साहित्य हा त्याचा विषय. त्याला सिनेमा बघायचा होता, तिकीट नाही. संध्याकाळ तर घालवायची आहे, म्हणून तो गावात आलेल्या नाटकाला जातो. तुम्हीही मागोमाग आत शिरता.

नाटक आहे 'मी जिंकलो, मी हरलो'. लेखक विजय तेंडुलकर, दिग्दर्शन विजया मेहता. पण तुम्ही रंगमंचाकडे बघू नका. बघा त्या तरुणाकडे. तो पुढे सरकून बसलाय, कोपरं गुडघ्यांवर. पडदा पडतो, लोक उठतात, तो उठत नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा येतो. या वेळी सिनेमाच्या खिडकीकडे फिरकतही नाही.

"पिच्चरचं तिकीट भेटलं असतं तं?" रिक्षावाला विचारतो. त्याला उत्तर नको असतं.

महेश एलकुंचवारांची ही हकिगत नागपुरात अनेकांना पाठ आहे आणि लोक ती सांगतात ती ठिणगीची गोष्ट म्हणून. मला त्यातला पुढचा, कमी चमकदार भाग जास्त आवडतो. नाटक लिहायचं ठरल्यावर या माणसाने वर्षभर नुसती नाटकं वाचली. मिळतील ती, मिळतील तशी. म्हणून रिक्षा त्या वर्षातूनही जाते आणि तुम्हाला दिसतं ते उजेडातलं टेबल, कोपऱ्यातली सुरई, पालथी ठेवलेली पुस्तकं. काहीच घडत नाही. तुम्हाला कंटाळा येतो. येऊ द्या. मग 1967 साली 'सत्यकथे'त 'सुलतान' ही एकांकिका छापून येते, ती विजया मेहतांच्या वाचनात येते आणि 'रंगायन' तिचे प्रयोग करते. ज्या बाईंचं नाटक हा मुलगा योगायोगाने बघून आला, त्याच बाई आता त्याचं नाटक बसवतायत.

त्याला थांबवून विचारावं, तुमचं सर्वांत अर्थपूर्ण काम कोणतं? पण ज्या संध्याकाळी हा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे, त्या संध्याकाळी त्याच्या नावावर एक ओळही नाही.

"मांगं जाऊ थोडं," रिक्षावाला म्हणतो. "दहा सालं. धरून बसा, उतार हाय."

रस्त्यावर माणसंच माणसं. पायी चाललेली, पांढऱ्या लुगड्यांतली, पांढऱ्या धोतरांतली, डोक्यावर भाकरीची गाठोडी. रिक्षा पुढे सरकत नाही म्हणून तुम्ही उतरता. तारीख 14 ऑक्टोबर 1956, अशोक विजयादशमी. बाबासाहेब आंबेडकर उतरलेत सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात, आणि ही गर्दी चाललीय व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मोकळ्या मैदानाकडे. आज आपण ज्याला दीक्षाभूमी म्हणतो त्या जागी या घडीला माती आहे, मांडव आहे आणि लाखांच्या घरातली माणसं.

कुशीनगरचे वयोवृद्ध भिक्खू चंद्रमणी बाबासाहेबांना दीक्षा देतात. मग बाबासाहेब वळून समोरच्या जनसागराला दीक्षा देतात, 22 प्रतिज्ञांसह. तुम्ही इतके मागे आहात की दिसत काही नाही; आवाज येतो, तो लाटेसारखा, पुढच्या ओळींनी उच्चारलेलं मागच्या ओळी उच्चारतात. तुमच्या शेजारची बाई शब्द चुकते, थांबते, पुन्हा म्हणते.

त्या काळात बाबासाहेबांच्या टेबलावर एक पुस्तक आहे: 'बुद्ध आणि त्याचा धम्म'. वर्षानुवर्षं आजारपणात रेटत आणलेलं. ते निघालं 1957 साली, आणि बाबासाहेब गेले 6 डिसेंबर 1956 ला. छापील प्रत त्यांनी हातात धरली नाही. परिसंवादात हे सांगावं का, असा विचार तुमच्या मनात येतो. आपण मुखपृष्ठाच्या पहिल्या प्रतीवर शाईचा डाग दिसला तर छापखान्याशी दोन दिवस बोलत नाही.

रिक्षा तिथंच उभी राहते आणि वर्षं तिच्यासमोरून जातात. 1978 साली खडी येते, सळया येतात. वास्तुविशारद शिवदान मल यांच्या आराखड्यावर स्तूपाचं काम सुरू होतं.

इथं जरा थांबा, कारण एका कारागिराने दुसऱ्याचं काम बघावं तसं हे बघायला हवं. स्तूप म्हटला की डोळ्यांसमोर सांची येतं. सांचीचा स्तूप भरीव आहे. आत जायला दार नाही, कारण आत जागाच नाही; माणसाने बाहेरून प्रदक्षिणा घालायची. शिवदान मल यांनी नागपुरात आकार सांचीचाच घेतला, चार दिशांना तोरणं ठेवली आणि अर्धगोल आतून मोकळा सोडला. व्यास 120 फुटांचा. धोलपूरचा दगड, संगमरवर, आणि मधे नुसती हवा. ज्या लोकांच्या आजोबा-पणजोबांना देवळाच्या पायरीबाहेर उभं केलं, त्यांच्यासाठी बांधायच्या वास्तूला पुन्हा बाहेरूनच हात जोडायला लावायचं नव्हतं. रेघ सगळी जुनी, बदल एवढा एकच. मुखपृष्ठात असं जमलं तर माणूस पुढची दहा वर्षं त्यावर काढतो.

काम मात्र 23 वर्षं चाललं. इतक्या वर्षांत मुकादमाच्या हाताखाली आलेला पोट्टा स्वतः मुकादम होतो.

"आता वाड्यावर," रिक्षावाला म्हणतो.

1985. स्तूपाची परांची तशीच उभी आहे, आणि दुसरीकडे रंगमंचावर धरणगावकर देशपांड्यांचा वाडा उभा राहिलाय. नाटक 'वाडा चिरेबंदी', लेखक तो तिकीट न मिळालेला तरुण, आता पंचेचाळिशीचा, नागपुरात इंग्रजी शिकवणारा. दिग्दर्शन पुन्हा विजया मेहतांचं, निर्मिती 'कलावैभव'ची. प्रयोग मुंबईचा, पण रिक्षाला अंतराचं काही नसतं. तुम्ही अंधारात बसता आणि कानांवर पडते आपली बोली. शेजारचे मुंबईकर प्रेक्षक तिच्या हेलाने आधी हसतात आणि थोड्या वेळाने हसायचे थांबतात.

तात्या गेलेत. मुलगा सुधीर बायको अंजलीला घेऊन मुंबईहून आलाय. मोठा भास्कर घराचा तोरा सांभाळतोय, वहिनी किल्ल्या सांभाळतायत, शिकायची राहून गेलेली प्रभा जळतेय, चंदू मुकाट राबतोय. म्हातारी दादी सारखी वेळ विचारते. अंगणात गंजलेला ट्रॅक्टर, कुणी चालवत नाही, कुणी हलवत नाही. तेराव्याला गाव जेवू घालायचं तर पैसा नाही, आणि जेवू घातलं नाही तर देशपांडे कसले? वाड्याचा तुकडा विकायची वेळ येते. चिरे जागच्या जागी आहेत, माणसं आतून रिकामी होत चाललीत.

तुम्हाला तो दगड दिसतो आणि दुसराही दिसतो. त्याच दशकात, याच शहराच्या खात्यावर, कागदावर एक भरीव घर पोकळ होत होतं आणि मैदानावर एक पोकळी बांधून काढली जात होती. ही सांगड माझी. त्या दोघा कर्त्यांना तिच्यात ओढायचं कारण नाही. पण वर्षं जुळतात, आणि रिक्षा दोन्हीकडून जाते.

एलकुंचवारांना वाडा एका नाटकात सोडून गेला नाही. 'मग्न तळ्याकाठी' आलं, 'युगान्त' आलं, आणि 1994 साली चंद्रकांत कुलकर्णींनी 'आविष्कार'साठी तिन्ही नाटकं एका दमात करून दाखवली. रिक्षावाला तुम्हाला तिथंही नेतो. आठ-नऊ तास. तुम्ही मध्ये उठता, वडा खाता, परत येता, तोवर रंगमंचावर दहा वर्षं गेलेली असतात आणि कोण मेलं ते शेजाऱ्याला विचारावं लागतं. 'युगान्त'पर्यंत तळं आटलंय, सगळीकडे दुष्काळ आहे, आणि पराग नि अभय, दोन चुलतभाऊ, उरल्यासुरल्या जगाबद्दल बोलत बसलेत. 2002 चा साहित्य अकादमी पुरस्कार 'युगान्त'ला मिळाला. वाड्याने कुलकर्णींनाही सोडलं नाही. 2014 च्या सुमाराला त्यांनी 'वाडा' पुन्हा नव्याने बसवला. पहिल्यांदा पोराच्या वयाची पात्रं ओळखीची वाटतात, वीस वर्षांनी बापाच्या वयाची. दिग्दर्शकाला तेच नाटक परत हातात घ्यावंसं वाटलं, याचं मला नवल वाटत नाही.

मध्यंतरात तुम्ही दाराशी उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला विचारता, "तुम्ही नाही आलात आत?"

"मले नाही जमत बाप्पा. तेराव्याचे नाटकं घरीच लै पाह्यले."

परतीचा रस्ता दीक्षाभूमीवरून. 18 डिसेंबर 2001 ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते स्तूपाचं लोकार्पण होतं, पण रिक्षा त्या दिवशी थांबत नाही. मंडप, पोलीस, पासेस; वर्तमानपत्रांत आहे ते सगळं. ती थांबते दोन वर्षांनी, 2003 च्या दसऱ्याला. पुन्हा पांढरे कपडे, पुन्हा पायी आलेली माणसं, फक्त आता गाठोड्यांच्या जोडीला पिशव्या आहेत आणि पिशव्यांत पुस्तकं. रस्त्याच्या दोन्ही कडांना पुस्तकांचे स्टॉल लागलेत. एरवी वाचक राहिले नाहीत म्हणून आपण गळे काढतो. इथं शेतमजूर बाई पुस्तकाची किंमत विचारते, पोलक्यातून नोटा काढते, दोन पुस्तकं घेते.

तुम्ही घुमटात शिरता. बाहेर ऑक्टोबरचं ऊन, आत पायांखाली गार संगमरवर. मधोमध बाबासाहेबांच्या अस्थी. माणसं हात जोडतात, मग मान वर करतात, आणि वर बघत थोडा वेळ तशीच राहतात. मागची गर्दी त्यांना पुढे ढकलते.

भिंतीच्या कडेला सात-आठ वर्षांचा एक पोरगा सरळ फरशीवर आडवा झालाय. रात्रभर प्रवास करून आलेला असणार. डोक्याखाली स्टॉलवरची एक पुस्तिका, आणि तो छताकडे बघतोय.

"ऊठ ना रे," आई म्हणते, "लोकं पाहून राहिले."

"थंड लागते."

पुस्तिका दोन रंगांत छापलेली आहे. निळा आणि काळा. निळा जरा सांडलाय रेघेबाहेर, कारण छापखान्याला घाई होती आणि तुम्हालाही. तुम्ही वाकून कोपरा बघता. तिथं नाव नाही.

पोरगा कुशीवर वळतो. तोंडाची लाळ मुखपृष्ठावर.

बाहेर रिक्षावाला चाकातली हवा बघत बसलाय. "धरमपेठ म्हटलं होतं ना तुमी?" तो विचारतो. "कितीचे ठरले होते?"

ठरले नव्हते. तुम्ही खिशात हात घालता.